चित्रातली इंद्रायणी



आपल्या देवघरात, नाही तर ओसरीच्या भिंतीवर, तुकोबारायांची तसबीर असेलच. महाराज मांडी घालून बसले आहेत, हाती वीणा आणि चिपळ्या आहेत, डोळे अर्धे मिटलेले आहेत. रोज आपण त्या तसबिरीला हार घालतो, बुक्का लावतो, हात जोडतो. आज एक वेगळी विनंती आहे. महाराजांच्या चरणी माथा ठेवून झाला की क्षणभर त्यांच्या पाठीमागे पाहा. तिथे एक डोंगर आहे. डोंगराखाली नदी आहे, काठाला दोन-चार झाडे आहेत. डोंगर हिरवागार, नदी निळीशार. तो डोंगर म्हणजे भंडारा आणि ती नदी म्हणजे इंद्रायणी, असे आपण मनाशी धरून चालतो.

पण आपण भंडाऱ्यावर जाऊन आला आहात. तिथून जे दिसते आणि तसबिरीत जे दिसते, ते एकच आहे का?

भंडाऱ्याच्या माथ्यावर उभे राहा. खाली इंद्रायणीची वळणे दिसतात. देहू दिसते, सुदुंबरे दिसते, जिथे चाकणच्या संताजी जगनाडे महाराजांची समाधी आहे. आणि त्याबरोबरच दिसतो तळेगाव-चाकण रस्ता, त्यावर लागलेली कंटेनरची रांग, उन्हात चकाकणारी शेडची छपरे, पाण्याच्या टाक्या, उंच इमारती. रात्री तर डोंगराभोवती दिव्यांचा पूर आलेला असतो. ही तुकोबारायांचीच भूमी आहे. तसबिरीत मात्र यातले काही नाही.

आपल्या लोकांनी आपली भूमी चित्रात कशी उतरवली, याचा थोडा इतिहास आज पाहू. विषय चित्रकारांचा वाटेल, पण शेवटी तो आपल्यापाशीच येऊन थांबतो.

उत्तर पेशवाईतली गोष्ट आहे. सर चार्ल्स मॅलेट हा इंग्रजांचा वकील १७८६ साली पुणे दरबारी आला. त्याला इथल्या लेण्यांची, देवळांची, माणसांची चित्रे हवी होती. जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार पुण्यात आला आणि सवाई माधवरावांच्या काळात काही मराठी मुलांना पाश्चात्त्य पद्धतीचे चित्रकलेचे शिक्षण मिळाले. त्यातले मोठे नाव म्हणजे गंगाराम चिंतामण तांबट. गंगारामाने वेरूळची लेणी काढली, पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा काढला, पर्वतीची टेकडी आणि तिच्यावरची देवळे काढली. आपल्या डोळ्यांसमोरची टेकडी, जशी दिसते तशी, कागदावर काढून त्याखाली नाव राहिलेला हा आपल्याकडचा फार जुना चित्रकार.

हात मराठी होता, टेकडीही मराठी होती. पण चित्र काढून घेणारा परका होता आणि ते चित्र नेण्यासाठी काढले जात होते. गंगारामाची कितीतरी चित्रे आज अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या संग्रहालयात आहेत. पर्वतीच्या पायथ्याशी राहणाऱ्याला ती पाहायची तर सातासमुद्रापार जावे लागेल. गंगारामाला दोष देऊ नये. त्याने मन लावून काम केले, म्हणून तर ती पर्वती आज आपल्याला कळते. पण एवढे ध्यानात ठेवावे, की एक चित्र असते ते घेऊन जाण्यासाठी.

पुढे शंभर वर्षांनी दुसरा प्रकार आला. राजा रविवर्मा यांचा शिळाछापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि १८९९ मध्ये तो मळवलीला आला. मळवली म्हणजे कार्ल्याजवळ, लोणावळ्याच्या अलीकडे. माउली, हे इंद्रायणीचेच खोरे! कुरवंड्याला उगम पावलेली इंद्रायणी याच भागातून पुढे कामशेत, देहू, आळंदी करत तुळापूरला भीमेला मिळते. या खोऱ्यात छापलेली लक्ष्मी-सरस्वतीची चित्रे घराघरांत गेली. ज्यांना देवळात पाऊल टाकायची बंदी होती, त्यांच्याही भिंतीवर देव आला. हे फार मोठे काम झाले.

मात्र त्या छापील चित्रांमागचा डोंगर आणि पाणी कुठले, हे सहसा सांगता येत नाही. देवाच्या मागे शोभा हवी, म्हणून तो प्रदेश आला. पुढे सगळ्याच धार्मिक तसबिरी आणि दिनदर्शिका त्या वळणाने गेल्या. आपल्या तसबिरीतली निळी नदी त्याच घराण्यातली. ती पवित्र आहे, पण ती कुठेही वाहू शकते. म्हणजे दुसरे चित्र असते ते सजवण्यासाठी.

आता तिसऱ्या प्रकाराकडे येऊ. त्यासाठी कोल्हापूरला जावे लागेल.

आबालाल रहिमान हे कोल्हापूरचे चित्रकार. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले, तिथे सुवर्णपदक मिळवले. मुंबईत राहिले असते तर नाव आणि पैसा दोन्ही मिळाले असते. ते परत गावी आले. राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना आश्रय दिला. आणि मग हा माणूस १९३१ मध्ये देह ठेवीपर्यंत कोल्हापूरचा आसमंत रंगवत राहिला. रंकाळा, संध्यामठ, कोटितीर्थ, पंचगंगेचा घाट. तोच रंकाळा सकाळच्या धुक्यात, तोच दुपारच्या उन्हात, तोच पावसाने भरून आलेला. कुणी मागितले म्हणून नव्हे, विकायचे म्हणूनही नव्हे. त्यांच्या पुष्कळ चित्रांचा आज पत्ता लागत नाही. जी उरली, त्यातली काही कोल्हापूरच्या टाउन हॉलच्या संग्रहालयात पाहायला मिळतात.

एकच तळे इतक्या वेळा काढायचे कशाला, असे कुणी विचारील. माउली, आपल्यालाही लोक हेच विचारतात ना? पंढरपूर एकदा पाहिले, मग दरवर्षी कशाला जाता? आपण काय उत्तर देतो? विठोबा तोच, वाट तीच, पण जाणारा दरवर्षी तोच नसतो. गेल्या वर्षी सोबत असलेला टाळकरी यंदा नसतो. दिवेघाट तोच, पण यंदा गुडघे बोलतात. म्हणून आपण त्याला सहल म्हणत नाही, वारी म्हणतो. आबालालांचा रंकाळा ही त्यांची वारी होती. नेम होता. ठिकाणाशी नाते एका भेटीत जुळत नाही. ते येरझारांनी जुळते.

हे आपल्याच मातीत घडते असे नाही. फ्रान्सच्या दक्षिणेला पॉल सेझान नावाचा चित्रकार होऊन गेला. आपल्या गावाजवळचा एकच डोंगर त्याने अनेक वर्षे पुन:पुन्हा काढला; त्या चित्रांची संख्या कित्येक डझनांत भरते. १९०६ साली उघड्यावर चित्र काढताना पावसात सापडून तो आजारी पडला आणि काही दिवसांत गेला. त्याच्या काही चित्रांत डोंगराच्या पायथ्याशी एक लांब कमानींचा पूल दिसतो. तो रेल्वेचा पूल आहे. त्या काळी तो नवाच होता. डोंगर सुंदर दिसावा म्हणून सेझानने पूल वगळला नाही. डोंगर आहे, शेते आहेत, आता रेल्वेही आहे. मग तीही चित्रात आली. हा पूल मनात ठेवा, आपल्याला पुढे त्याचे काम आहे.

कोल्हापुरातच, आबालालांच्या हयातीत, आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे बंधू नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवत होते. राजवाडा, अरण्य, नदीकाठ असे ते पडदे. त्यांच्या हाताखाली विष्णुपंत दामले आणि साहेबमामा फत्तेलाल तयार झाले. पुढे १९२९ मध्ये कोल्हापुरात प्रभात कंपनी निघाली, त्यात हे दोघे होते. कंपनी पुण्यास आली आणि १९३६ मध्ये दामले-फत्तेलाल यांनी ‘संत तुकाराम’ हा बोलपट काढला. विष्णुपंत पागनीस तुकोबा झाले. आपल्या आजोबा-पणजोबांनी चपला बाहेर काढून तो पाहिला. पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला.

त्या बोलपटातल्या देहूचे घर, अंगण, वाट हे सगळे चित्रकारांच्या डोळ्यांनी उभे केलेले आहे. पडदे रंगवणाऱ्या हातांनी आपल्याला एक देहू दिले आणि ते आपल्या मनात इतके ठसले, की देहू म्हटले की आजही तेच डोळ्यांपुढे येते. एका मुसलमान घरातल्या कलावंताने तुकोबांचे गाव उभे करावे, यात आपल्याला नवल वाटायला नको. पालखी देहूतून निघाली की पहिली आरती अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशीच होते.

१९३६ साली खरे देहू त्या बोलपटापासून फार दूर नव्हते. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी ही खेडी होती. चिंचवड मोरया गोसावींच्या समाधीमुळे आणि चाकण किल्ल्यामुळे व कांद्याच्या बाजारामुळे ओळखले जाई. मग काळ बदलला. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला. देशात पेनिसिलिन तयार होऊ लागले. १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. मोटारी, स्कूटर, सुटे भाग यांचे कारखाने उभे राहिले. १९७० मध्ये चार गावांची नगरपालिका झाली आणि १९८२ मध्ये महानगरपालिका. पुढे हीच लाट इंद्रायणी ओलांडून चाकणला गेली आणि भंडारा-भामचंद्राच्या पायथ्याला टेकली.

या कारखान्यांना शिव्या देणे सोपे आहे. पण पेनिसिलिनने किती जीव वाचवले, ते आठवावे. खानदेश, मराठवाडा, विदर्भातल्या कोरडवाहू शेतीवर ज्यांचे भागत नव्हते, त्यांच्या चुली इथल्या पगारावर पेटल्या. त्यातले कितीतरी माळकरी आहेत. आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात पालखीचा मुक्काम असतो, त्या दिवशी पाहा. रात्रपाळी करून आलेला कामगार अंगावरच्या गणवेशासकट रांगेत उभा असतो. निगडीच्या रस्त्यावर दिंडीला पाणी देणारे हात सकाळी यंत्रावर होते. ही माणसे परकी कशी म्हणायची? आपल्या चित्रात त्यांना जागा हवी.

तरीही एक मर्यादा असते आणि वारकऱ्यांनी ती दाखवून दिली आहे. शके १५५२ च्या दुष्काळाने घर उद्ध्वस्त झाल्यावर तुकोबाराय ज्या भामचंद्र डोंगरावर जाऊन बसले, त्याच्या परिसरात शिंदे-वासुली येथे डाऊ या अमेरिकी रसायन कंपनीचे संशोधन केंद्र येऊ घातले होते. २००८ साली बंडातात्या कराडकर यांच्यासारखे वारकरी आणि आजूबाजूचे गावकरी त्याविरुद्ध उभे राहिले. आंदोलन पेटले, त्यात जाळपोळही झाली. ती कुणाला भूषणावह वाटणार नाही. पण अखेर कंपनीने तो बेत सोडला. टाळ वाजवणारी माणसे एका डोंगरासाठी उठली, कारण तो डोंगर त्यांच्या पायांना माहीत होता. तसबिरीतल्या डोंगरासाठी कुणी रस्त्यावर उतरत नाही.

मग इंद्रायणीचे काय?

आळंदीत आपण सगळ्यांनी पाहिले आहे. बंधाऱ्यावरून पाणी पडते आणि पांढऱ्या फेसाचे डोंगर तरंगू लागतात. वस्त्यांचे सांडपाणी, कपडे-भांड्यांच्या साबणाचे पाणी, कारखान्यांचे रसायनमिश्रित पाणी हे सगळे नदीत येते आणि खळखळले की फेसाळते. त्या फेसात उभे राहून आपले वारकरी स्नान करतात. श्रद्धा मोठी आहे, वाद नाही. पण तोच फेस पाहून घरी आल्यावर आपण निळ्या नदीच्या तसबिरीला हात जोडतो आणि मन शांत होते. मला भीती वाटते ती इथे. ती निळी नदी आपल्याला फसवत तर नाही ना? खरी नदी आजारी असताना आपण तिच्या तरुणपणीच्या फोटोला हार घालून समाधान मानतो आहोत का?

तुकोबारायांच्या वह्या या नदीत बुडवल्या गेल्या. तेरा दिवस महाराज काठावर निर्वाण मांडून बसले आणि नदीने वह्या कोरड्या परत दिल्या. जिने आपल्याला गाथा परत दिली, तिला आपण काय परत देतो आहोत?

आता सेझानच्या डोंगराखालचा तो पूल आठवा. आपल्याकडेही असे पाहणारे चित्रकार आहेत. सुधीर पटवर्धन पुण्यात जन्मले, डॉक्टर झाले, ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम करत चित्रे काढत राहिले. त्यांचे ‘लोअर परळ’ हे २००१ मधले चित्र गिरणगावाचे आहे. त्यांच्या चित्रांत पूल आहेत, चाळी आहेत, अर्धवट इमारती आहेत आणि त्यात वावरणारी साधी माणसे आहेत. काही लपवलेले नाही, कुणाची कीवही केलेली नाही. ज्या शहरात आपण राहतो ते न चिडता, न सजवता पाहायचे, हा त्यांचा नेम. डॉक्टर रोग्याकडे पाहतो तसे हे पाहणे आहे. त्यात माया असते, म्हणून तर खरे निदान होते.

फार पूर्वी, अकराव्या शतकात, चीनमध्ये क्वो शी नावाचा चित्रकार होता. त्यांच्या भाषेत निसर्गचित्राला ‘डोंगर-पाणी’ असाच शब्द आहे. क्वो शीचे मत असे, की काही चित्रे नुसती पाहण्याजोगी असतात, काहींतून वाट चालता येते, काहींत हिंडता येते आणि काहींत राहता येते; त्यातली हिंडण्या-राहण्याजोगी चित्रे श्रेष्ठ. वारकऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. आळंदी ते पंढरी हा सगळा प्रदेश आपण पायांनी पाहिला आहे. कुठे चढ आहे, कुठे सावली आहे, कुठल्या गावची भाकरी कशी असते, हे आपल्याला पाठ आहे. एवढे पाहणारे डोळे दुसऱ्या कुणाकडे आहेत?

तुकोबाराय डोंगरावर गेले ते जगाकडे पाठ फिरवण्यासाठी नव्हे. त्यांनी झाडांशी, पाखरांशी सोयरीक सांगितली आणि सायंकाळी तेच महाराज गावात कीर्तनाला उभे राहिले, लोकांच्या दोषांवर बोट ठेवले, त्यांच्या दुःखात सामील झाले. डोंगरावर बसल्यावर गाव नीट दिसते. भंडाऱ्याचा उपयोग महाराजांनी असा केला. आपणही करावा.

म्हणून एक विनंती. यंदा बीजेला किंवा पालखी प्रस्थानाला देहूस याल, तेव्हा वेळ काढून भंडाऱ्यावर जा. घरातले एखादे लेकरू बरोबर घ्या. त्याच्या हाती कोरा कागद आणि रंगाच्या कांड्या द्या. म्हणावे, बाळा, दिसते ते सगळे काढ. देऊळ काढ, नदी काढ, शेते काढ. आणि शेड काढ, कंटेनर काढ, कंपनीची बस काढ, तिच्यातून उतरणारा माणूस काढ. नदीला रंग कुठला द्यायचा, असे ते लेकरू विचारील. त्याला निळा सांगू नका. त्याला नदीकाठी घेऊन जा आणि दाखवा.

तो कागद घरी आणून तुकोबारायांच्या तसबिरीशेजारी लावा. तसबीर काढायची नाही. नदी कशी होती आणि कशी असावी, हे ती सांगत राहील. कागद सांगेल, नदी आज कशी आहे. दोन्हींच्या मध्ये जे अंतर आहे, तेवढे काम आपल्या वाट्याचे आहे. दिंडीत प्लास्टिक न आणणे, निर्माल्य पाण्यात न टाकणे, आपल्या सोसायटीचे सांडपाणी कुठे जाते हे विचारणे, आपल्या कारखान्यातले पाणी शुद्ध होऊन बाहेर पडते का हे तिथल्याच माळकऱ्याने पाहणे. पुढच्या वर्षी पुन्हा या, पुन्हा काढा. दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहा.

कधी तरी एखाद्या वर्षी त्या लेकराला कुणी न सांगता निळा रंग घ्यावासा वाटेल. त्या दिवसाची वाट पाहत नेम चालू ठेवू या.

रामकृष्ण हरी!